स्क्रॅचमध्ये पेशी धावतात, मॅट्रिजेलमधून मात्र एकही उतरत नाही, असं का?

तुम्ही जळगावात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करताय, पेशी एमडीए-एमबी-२३१, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या. पेशींच्या थरावर ओढलेला ओरखडा, म्हणजे स्क्रॅच, २४ तासांत भरला, पण मॅट्रिजेल (प्रथिनांचं जाळीदार जेल) लावलेल्या इन्सर्टखाली (तळाला भोकांचा पडदा असलेली छोटी वाटी) काहीच नाही, आणि तुम्ही विचारताय की पेशींच्या पडद्यावरची प्रथिनं तीच असताना हे कसं.

प्रथिनं तीच, पण कामं दोन. सरकायला पकड लागते. पडद्यातलं इंटेग्रिन बाहेर फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन या आधाराच्या प्रथिनांना धरतं आणि आतून पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनला जोडलेलं असतं. पेशी पुढे पकड घेते, मागची सोडते. पकड सैल असली की ती घसरते, फार घट्ट असली की जागीच चिकटून बसते. त्यामुळे इंटेग्रिन वाढलं म्हणजे वेग वाढला, असं थिसिसमध्ये लिहू नका. मॅट्रिजेलमध्ये त्याआधी वाट कापावी लागते. ते काम एमटी१-एमएमपी या प्रथिनं कापणाऱ्या विकराचं. ते पडद्यातच रोवलेलं असतं, शिवाय टिम्प-२ या एमएमपींना रोखणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने प्रो-एमएमपी-२ या अजून निष्क्रिय असलेल्या दुसऱ्या विकराला जवळ धरून कार्यरत करतं. गंमत म्हणजे थोडं टिम्प-२ लागतंच, जास्त झालं की तेच काम बंद पाडतं.

तरीही २३१ या घुसणाऱ्या पेशी आहेत. एकही उतरत नसेल तर मी प्रथिनांआधी हाताळणीवर शंका घेईन.

मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की जमायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे टिप नुसती टेबलावर ठेवली तरी ती गरम होते, आणि जेल टिपमध्येच धरतं. मग इन्सर्टवर गाठी झालेल्या पिठल्यासारखा थर बसतो: एका फील्डमध्ये शून्य पेशी, शेजारच्यात ढीग. कुपी बर्फात ठेवून रात्रभर ४ अंशांवर वितळवा, टिप आणि ट्यूब आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. थंड सिरमविरहित मीडियममध्ये ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करून २४-वेलच्या इन्सर्टमध्ये १०० मायक्रोलिटर, मग ३७ अंशांवर २ तास. भोकं ८ मायक्रॉनचीच हवीत. लाइट गेली की फ्रीजरमधली कुपी अर्धवट वितळते, पुन्हा गोठते. म्हणून छोटे भाग करूनच साठवा.

दुसरी चूक ट्रिप्सिनची, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराची. ईडीटीए या कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनासोबत ते जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात, म्हणजे जे मोजायचं तेच गेलं. पेशी सुटायला लागल्या की लगेच सिरमने थांबवा, मग दोनदा धुवा. इन्सर्टच्या वरच्या भागात सिरम राहिलं तर खालच्या १० टक्के सिरमची ओढच उरत नाही. वर ५०,००० पेशी, २४ तास. शेवटी कापसाची काडी फक्त आतल्या बाजूला फिरवा. खालून पुसलं तर उत्तरच पुसलं जातं.

सोबत एक बिनालेपाचा इन्सर्ट आणि एक एचटी-१०८० या घुसणाऱ्या कर्करोग-पेशींचा जरूर लावा. बिनालेपाच्यातून तुमच्या पेशी उतरल्या, एचटी-१०८० जेलमधूनही उतरल्या आणि तरी तुमच्या जेलवरच अडल्या, तर मग एमटी१-एमएमपीचा वेस्टर्न ब्लॉट (ते प्रथिन आहे का, किती आहे ते दाखवणारी चाचणी) करा.