कोळंबी, पित्त आणि संशोधन करणारे डॉक्टर

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. डॉक्टर व्हायचंय, पण लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीवर संशोधनही करायचं म्हणते. दोन्ही कसं जमणार? (एक आई, देवगड)

ताई, जमतं. आपल्या कोकणातच महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाचे रुग्ण तपासता तपासता प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. त्यासोबत प्रतिविष दिलं तर काय फरक पडतो, हा तिथल्याच रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

वाट मात्र लांबची आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग बालरोगात एमडीची तीन. त्यापुढे चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मुलांच्या इम्युनॉलॉजीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचं, डीएम (एमडीनंतरची पदवी) करता येतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जन्मतःच प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांवर काम चालतं. एवढं होईतो तिशी उजाडते. बरोबरीच्यांचे दवाखाने तोवर थाटलेले असतात. त्या वर्षांत घरच्यांनी ‘तुझं कधी?’ एवढं विचारू नये, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात एमबीबीएस करतोय. मोठी लॅब हाताशी नाही. आत्ता काय सुरू करू?

वही घाल. ‘कोळंबी खाल्ली, पित्त उठलं’ एवढ्यावर थांबू नकोस. ताजी की सुकवलेली? दहा मिनिटांनी उठलं की दुसऱ्या दिवशी? अंगावर गांधी कुठे उठल्या, धाप लागली का, आधी खाल्ली तेव्हा काय झालं होतं?

सात वर्षांचा एक मुलगा मला आठवतो. हातावर कोळंबीच्या अर्काचा थेंब, त्यातून बारीकशी टोच, पंधरा मिनिटांत पाच मिलिमीटरची गांध. चाचणी पॉझिटिव्ह. मी कोळंबी बंद करा असं लिहायला घेतलं, तेवढ्यात आई म्हणाली, “डॉक्टरांनू, ह्यो जवळो रोज खाता, काय एक होणा नाय!”

जवळा म्हणजे कोळंबीच्याच जातीचा, बारीक. तिचंच बरोबर होतं. आपल्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धूळकिडे माजतात. त्यांच्यातलं आणि कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन खूपसं सारखं असतं. त्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला कोळंबी सोसत असली तरी तिची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. शंका उरलीच तर इस्पितळात, अ‍ॅड्रेनॅलिनचं तातडीचं इंजेक्शन हाताशी ठेवून, थोडं थोडं खायला घालून बघावं लागतं. घरी हा प्रयोग कुणी करू नये. किनाऱ्यावरच्या किती मुलांची कोळंबी अशी नुसत्या कागदावरून सुटत असेल? हा प्रश्न तुझ्या ओपीडीतला आहे. आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची ‘एसटीएस’ योजना आहे. एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठ, एथिक्स कमिटीची मंजुरी घे आणि लाग कामाला.

प्रश्न : मुलाला कोळंबीने पित्त उठतं. डॉक्टर अभ्यासासाठी रक्त मागतात. द्यावं का? त्याचा आम्हाला उपयोग काय? (एक वडील, हर्णै)

उपयोग बहुधा तुमच्या मुलापेक्षा पुढच्या मुलांना होईल, हे खरं तेच सांगतो. इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचा खाऊ लवकर खातात आणि तिथे ती अ‍ॅलर्जी कमी दिसते, हे लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांनी हेरलं. मग त्यांच्या गटाने जास्त धोका असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नेमाने दिला, निम्म्यांचा टाळला. सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह असलेल्यांत पाच वर्षांची होईतो टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्क्यांना. २०१५ साली हे छापून आलं आणि ‘टाळा, टाळा’ हा जुना सल्ला मागे पडला. त्या पालकांनी आपली बाळं अभ्यासात घेऊ दिली नसती तर हे कळलं नसतं.

तरी सही करण्याआधी विचारा : रक्त किती घेणार, कुठे ठेवणार, नाव गुप्त राहणार का? तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार थांबत नाहीत, हा तुमचा हक्क आहे. आणि मुलगा सात वर्षांचा झाला असेल तर त्यालाही समजेल अशा भाषेत विचारायला हवं. सुई त्याच्या हातात जाणार आहे.