पावसाळ्यात पाड्याची वाट बंद होते. बाळंतपणासाठी माहेरघरात (आरोग्य केंद्राला जोडलेली, गरोदर बाईच्या मुक्कामाची सोय) किती दिवस आधी जावं?

दिलेल्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी, आणि ओढ्याला पूर येऊन वाट तुटत असेल तर दोन आठवडे आधी जा. तारीख हा अंदाजच असतो: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस अधिक ९ महिने ७ दिवस. ३७ आठवड्यांनंतर कळा कधीही सुरू होऊ शकतात, आणि बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. झोळीतून रस्त्यापर्यंत यायलाच तेवढा वेळ जातो.

आदिवासी भागातली माहेरघरं प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडलेली असतात. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल राहू शकतं. खोली रिकामी आहे का, जेवण आणि बुडीत मजुरी सध्या कशी मिळते, हे आशाताईंकडून आधीच विचारून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार, पासबुक न्या.

मात्र आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर माहेरघर पुरेसं नाही. तिथे शस्त्रक्रिया होत नाही. शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेलं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा, तेही कळांची वाट न पाहता.