वाचक विचारतात : घडी घातलेल्या ट्रेलरची बॅटरी चार्ज कशी करायची?

प्रश्न : आमच्या मोर्शी तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत तोडणीच्या दिवसांत राहायला छत वर उचलून उघडायचा जुना ट्रेलर घेतला आहे. मे ते सप्टेंबर तो टिनाच्या शेडमध्ये बंद असतो. लाइनची वायर बाजूच्या झडपेतून बाहेर काढायची सोय आहे, पण छत खाली घेतलं की झडपच झाकली जाते, मग चार्जिंग बंद. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन वर्षांत दोनदा बसली. वायरमन म्हणतो, बाहेर एक प्लग बसवून जुन्याच वायरला जोडून देतो. चालेल का?

उत्तर : प्लग बाहेर बसवा, पण जुन्या वायरला जोडून नव्हे. तशी जोडणी केली आणि नव्या प्लगमधून लाइन दिली, तर जुन्या वायरच्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट येतात. ती वायर कप्प्यात गुंडाळून पडलेली असते आणि तिथेच पोरासोरांचे हात जातात. जुनी वायर पूर्ण काढून टाका. नवा इनलेट (बाहेर बसवायचा हाच प्लग) ट्रेलर उघडा असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळी चालतो. जुनी ठेवायचीच असेल तर मधे दोन पोलचा १-०-२ चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी दोहोंपैकी एकच वायर जोडलेली राहते. आम्ही मात्र काढायलाच सांगू.

भोक पाडण्याआधी बॅटरी का बसते ते पाहा. सगळं बंद करून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजला लावा. गॅसचा अलार्म आणि टेपची मेमरी मिळून ६० मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला जवळजवळ दीड आणि महिन्याला ४३ अँपिअर-तास जातात. अडीच महिन्यांत बॅटरी रिकामी. मायनसच्या वायरवर आयसोलेटर स्विच (बॅटरी बाकी वायरिंगपासून तोडणारा) बसवला की हा खर्च थांबतो. चार्जरचा मायनस मात्र आयसोलेटरच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडा, नाहीतर स्विच बंद असताना चार्जर लावूनही काही होत नाही. चार्जरच्या प्लसवर बॅटरीपासून वीतभराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज टाका. आयसोलेटर असला तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, आणि उन्हाळ्यात जास्तच. म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंग लागतंच.

आता इनलेट. १६ अँपिअरचा निळा, तीन पिनांचा, झाकणाचा औद्योगिक इनलेट घ्या. पिना ट्रेलरच्या अंगावर आणि भोकं वायरच्या टोकावर, हा क्रम कधीही उलटा करू नका. जागा खालच्या डब्यात, जमिनीपासून दोन फूट वर, चाकाच्या चिखलाच्या रेषेबाहेर आणि गॅस सिलिंडरपासून दूर शोधा. छत खाली घेऊन आतून हात घाला आणि मागे गादी, ओटा किंवा छताचा लिव्हर येतो का ते बघा. आतून ३ मिमीचं भोक पाडून जागा पक्की करा, मगच बाहेरून होल-सॉ (मोठं गोल भोक कापणारी ड्रिलची करवत) चालवा. कडेला ब्यूटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावा. साधं सिलिकॉन पत्र्याच्या हादऱ्यात सुटतं. झाकणाची बिजागरी वर हवी.

इनलेटपासून आतल्या डीबीपर्यंत (विजेच्या स्विचांच्या पेटीपर्यंत) २.५ चौ. मिमीची तीन कोअर तांब्याची लवचिक केबल वापरा. सुट्या तारा पिळून स्क्रूखाली घालू नका, टोकांना फेरुल (धातूची छोटी नळी) दाबा. केबल फक्त खालच्या डब्यातून न्या. छताच्या हालत्या भागात गेली तर घडी घालताना एक दिवस चिरडणारच. सोयाबीन-तुरीचं कोठार शेजारी असेल तर उंदीर पीव्हीसी कुरतडतात, म्हणून केबल लवचिक जीआय पाइपातून न्या आणि भोकांत स्टीलची घासणी कोंबा.

डीबीत आधी ३० मिलिअँपिअरचा २५ अँपिअर दोन पोल आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), मग चार्जरला ६ अँपिअरचा आणि बाकी सॉकेटना १६ अँपिअरचा असे वेगळे एमसीबी (जादा करंट ओढला की उडणारे स्विच), दोन्ही सी कर्व्हचे, म्हणजे सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याला न उडणारे. २० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवर दोन-अडीच अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही, त्यामुळे ६ पुरे. ट्रेलर बंद असताना १६ चा एमसीबी खाली आणि फक्त चार्जरचा वर. कारण घडी घातल्यावर गादी आणि ताडपत्री थेट दिव्यावर येऊन टेकते, आणि चुकून पेटलेला दिवा किंवा कोरडा हीटर तिथे आग लावू शकतो.

अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सांगाड्याला जोडा. रंग खरवडून ४ चौ. मिमीची वायर रिंग लगने (गोल भोकाच्या धातूच्या टोकाने), खाली दातेरी वॉशर घालून, घट्ट करा. ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि सांगाडा एकमेकांना जोडायचे नाहीत, जोडले तर आरसीसीबी उडत राहील. काम झाल्यावर इनलेटच्या अर्थ पिनपासून सांगाड्यापर्यंतचा रोध १ ओहमच्या खाली आला पाहिजे.

लाइन कुठून घेता हे फार महत्त्वाचं. बऱ्याच वावरांत पंपाच्या पेटीतून एक फेज घेतात आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगची सळई वापरतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की सळईची मातीशी पकड सुटते. मग सळई आणि तिला जोडलेला ट्रेलरचा पत्रा, दोन्ही करंट मारू लागतात. खरा न्यूट्रल नसेल तर तिथून घेऊच नका, गावठाणाच्या सिंगल फेजवरून चार्ज करा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा. संध्याकाळी व्होल्टेज घसरतं, म्हणून ९० ते २६४ व्होल्ट इनपुट चालणारा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक) चार्जर बरा.

चार्जर तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी करणारा घ्या, सेन्सर बॅटरीला चिकटवा. १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट कमी लागतात. शेडमध्ये ४५ अंश असतील तर फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) १३.६ ऐवजी १३.२ च्या आसपास हवा. तसा नसेल तर पाणी आटतं, प्लेट उघड्या पडतात. ट्युब्युलर (पाणी घालायच्या प्रकारच्या) बॅटरीला महिन्याला डिस्टिल्ड वॉटर तपासा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीच्या पेटीला खाली हवेचं भोक आणि वरून बाहेर जाणारी नळी द्या. चार्जरला चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा, वर गादी टाकू नका. ट्रेलरची घडी घालण्याआधीच गॅसचं सिलिंडर बाहेर काढा.

प्रश्न : त्याऐवजी सोलर प्लेट लावली तर?

उत्तर : नुसती बॅटरी जिवंत ठेवायला ५० वॉटची प्लेट भरपूर. स्वच्छ उन्हात दिवसाला १० ते १२ अँपिअर-तास देते, पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते, तरी भागतं. ट्रेलर शेडमध्ये असल्याने प्लेट शेडच्या टिनावर दक्षिणेकडे तोंड करून लावा आणि ४ चौ. मिमीची वायर खाली आणा. कंट्रोलर (प्लेटकडून होणारं चार्जिंग सांभाळणारा) बॅटरीजवळ हवा. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट, काढताना उलट. विजेच्या लाइनचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच, आणि दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा. दाबल्यावर उडाला नाही तर बदला.