‘८ महिन्यांत सीपीएल’ म्हणतात, तर आधी हँगर बघून या

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीची बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स होतं, तिला पायलटच व्हायचंय. एका फ्लाइंग स्कूलने ‘फास्ट ट्रॅक, ८ महिन्यांत सीपीएल’ (कमर्शियल पायलट लायसन्स) असं सांगून सीट धरून ठेवायला २ लाख मागितलेत आणि येत्या शनिवारी तुम्ही दोघी इंदूरहून तिथं बघायला जाणार आहात. तिथं काय बघायचं, हा तुमचा प्रश्न.

पहिलं म्हणजे शनिवारी जाऊ नका. शनिवार पालकांसाठी सजवलेला असतो: धुतलेलं विमान दारात, इस्त्रीच्या युनिफॉर्ममधला एक चुणचुणीत मुलगा, चहा-बिस्किटं, कॉकपिटमध्ये बसवून फोटो. मंगळवारी किंवा बुधवारी जा आणि सकाळी ७ वाजता गेटवर असा. लहान विमानांचं ट्रेनिंग सकाळी जोरात चालतं, कारण तेव्हा हवा स्थिर असते. आकाश स्वच्छ आहे, ७ वाजलेत आणि सगळी विमानं दोर बांधून उभीच आहेत, असं दिसलं तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

मी इंदूरच्या रामबागेतला. लहानपणी आजोबा बिजासन टेकडीवर दर्शनाला न्यायचे, देवीला हात जोडून झाले की माझं लक्ष खाली विमानतळाकडे. २००८ मध्ये मी एका संस्थेत १२ महिन्यांचा कोर्स म्हणून गेलो (नाव घेत नाही) आणि लायसन्स हातात पडायला २९ महिने लागले. मध्ये एकदा सलग ४७ दिवस मी जमिनीवरच होतो. बाबा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, “आज उडलास का रे?” पुढे पुढे त्यांनी ते विचारणं सोडून दिलं, तेव्हा जास्त लागलं. नंतर दोन वर्षं मी स्वतः इन्स्ट्रक्टर होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय सांगितलं जातं तेही ठाऊक आहे.

फास्ट ट्रॅक ही थाप असते असं मी म्हणणार नाही. उलट उडायला शिकायचं तर सलगच शिकावं. सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या, आधीच्या दिवसांत चार दिवस खंड पडला की लँडिंग हातातून जातं, पाचव्या दिवशी तेच धडे परत, तेही तुमच्या पैशाने. फार दिवस गेले तर पुन्हा इन्स्ट्रक्टरसोबत चेक फ्लाइट, आणि ती पीआयसीच्या (पायलट इन कमांड, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवल्याच्या) तासांत धरत नाहीत. म्हणजे वेग चांगलाच. फक्त तो वेग माहितीपत्रक देत नाही, विमानं देतात. म्हणून तीन आकडे विचारा: आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती, सध्या फ्लाइंगला असलेली मुलं किती, आणि गेल्या महिन्यात सगळ्यांचे मिळून तास किती झाले.

आता भागाकार. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमाने सीपीएलला २०० तास लागतात. ८ महिन्यांत करायचे तर महिन्याला २५, म्हणजे सुट्ट्या सोडून रोज एक तास. समजा कागदावर ६ विमानं आहेत, त्यातली २ हँगरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या शेडमध्ये. उरलेली ४ रोज ५-५ तास उडाली (हा मी उदारपणे धरलेला आकडा आहे) आणि महिन्यात २५ दिवस हवा चांगली मिळाली, तर झाले ५०० तास. यात मुलं ७० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ७ तास. २०० तासांना २८ महिने! माझे २९ महिने काही नशिबाने गेले नव्हते, ते पहिल्या दिवशीच ठरलेले होते, मला भागाकार सुचला नव्हता इतकंच. त्याच ५०० तासांत ८ महिन्यांचं वचन फक्त २० मुलांना पुरं करता येतं.

‘२ विमानं हँगरमध्ये’ हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही. दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते. रोज ५ तास उडणाऱ्या विमानाला २० दिवसांत १०० तास भरतात, म्हणजे प्रत्येक विमान आलटूनपालटून आत जाणारच. प्रश्न ते किती दिवसांत बाहेर येतं हा आहे. सेसना १५२, १७२ मधल्या लायकमिंग इंजिनांचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) साधारण २,००० ते २,४०० तासांना येतं आणि सुटे भाग बहुतेक परदेशातून यायचे असतात. इंजिनियर स्वतःचे आहेत की बाहेरून येतात, एखादं जादा इंजिन ठेवलंय का, हे विचारा. मार्केटिंगवाल्याला नको, हँगरमधल्या माणसाला विचारा. तो खोटं बोलत नाही, बोललाच तर फार कमी बोलतो.

गेल्या वर्षी आतेबहिणीच्या मुलासोबत मी अशीच एक जागा बघायला गेलो होतो. ऑफिसात सांगितलं, ७ विमानं. आम्ही हँगरमध्ये गेलो. एकाचं इंजिनच जागेवर नव्हतं, नाकाला ताडपत्री बांधलेली. कोपऱ्यातल्या दुसऱ्याचे टायर एका बाजूने चपटे झालेले. पंखाखालच्या पिटो ट्यूबला (वेग मोजायच्या नळीला) उडायच्या आधी काढायचं एक कव्हर असतं, त्याला लाल फीत लोंबत असते. इथे ती उन्हाने फिकी गुलाबी झाली होती आणि फितीपासून पंखापर्यंत कोळ्याने छान जाळं विणलं होतं. मी पोराला ते दाखवलं. तो म्हणाला, “मामा, हे सातातलंच ना?” सातातलंच होतं. तेव्हा विमानं मोजताना शेपटीजवळचे ‘व्हीटी’ने सुरू होणारे नंबर वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे ‘हे शेवटचं कधी उडालं’ ते विचारून टिपा.

मग कँटीन. इंदूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पोहे मागवले की ओळख होते. मुलीला तिथल्या मुलांमध्ये बसू द्या, तुम्ही जरा लांब बसा. तिने एवढंच विचारावं: शेवटचं कधी उडालास, कधी आलास आणि किती तास झाले? कुणी लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) दाखवलं तर तारखांचा रकाना बघा. ३ मार्चनंतर पुढची नोंद १९ एप्रिलची असेल तर त्या रिकाम्या दिवसांत हॉस्टेलचं भाडं आणि मेसचं बिल चालूच होतं. उलटही तपासा. एका दिवशी विमानाला न झेपतील इतके तास दिसले तर त्याला आमच्यात ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात: आकाशात नाही, शाईत उडलेले. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर मिळवलेल्या लायसन्सांचं प्रकरण देशभर गाजलं होतं, पायलटांना अटकाही झाल्या होत्या. ‘थोडं अॅडजस्ट करून देऊ’ हे शब्द कानावर आले तर पोहे अर्धे टाकून निघा.

इन्स्ट्रक्टरांचंही तसंच. संख्या विचारा, पण त्याहून गेल्या वर्षभरात किती सोडून गेले ते विचारा. तास भरले की एअरलाइनकडे जातात, मीही गेलो. असिस्टंट इन्स्ट्रक्टर पहिल्या सोलोची परवानगी देऊ शकत नाही, त्याला वरचा माणूस लागतो. तो वरचा माणूस एकच असेल आणि तो रजेवर गेला, तर दहा मुलं सोलोच्या उंबरठ्यावर बसून राहतात.

जागेचं म्हणाल तर इथे माझं मत थोडं हललेलं आहे. आपल्या इंदूरसारख्या विमानतळावर एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आहे, मोठी विमानं आहेत, रेडिओवर बोलायची भीती पहिल्याच महिन्यात मोडते. पण तास मोजतात ते विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून. एअरलाइनचं विमान उतरेपर्यंत तुम्ही रनवेबाहेर इंजिन चालू ठेवून १० मिनिटं थांबलात, तर ती १० मिनिटंही २०० तासांतून गेली. लहान, निवांत धावपट्टीवर त्याच तासात जास्त लँडिंग होतात. पूर्वी मी डोळे झाकून लहान धावपट्टीच सांगायचो. आता म्हणतो, सोलोपर्यंत निवांत जागा बरी, पुढे गर्दीची सवय हवीच.

हवामान मात्र कुणी माहितीपत्रकात छापत नाही. माळव्यात जुलै-ऑगस्टचे ढग डोक्याला टेकतात, ग्वाल्हेरकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं उशिरापर्यंत उठत नाही. मेमध्ये वेगळंच: इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि पंखांना आपण ५,००० फुटांच्या वर आहोत असं वाटतं. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन सेसना १५२ दुपारी कशी चढते ते एकदा बघा, बैलगाडी आठवेल. त्यामुळे जूनमध्ये सुरू होणाऱ्या ‘८ महिन्यां’तले तीन पावसाचे आधीच वजा करा.

तुमच्या भाच्याने अमेरिकेचं सुचवलंय. फ्लोरिडा, ॲरिझोनाला हवा खरंच साथ देते आणि तिथल्या फास्ट ट्रॅक शाळा त्यावरच चालतात. तिथल्या नियमांत पार्ट ६१ खाली सीपीएलला २५० तास आणि पार्ट १४१ खाली १९० तास असा फरक आहे. त्या १९० ला भुलू नका, परत आल्यावर आपल्याकडे २०० दाखवावेच लागतात. शिवाय इथल्या परीक्षा, मेडिकल, चेक फ्लाइट आणि कन्व्हर्जनचे (तिथलं लायसन्स इथलं करून घेण्याचे) महिने वेगळे. तो वेळ कुठलीच शाळा तिच्या जाहिरातीत धरत नाही.

आणि मुख्य म्हणजे, जायच्या आधीच दोन कामं. मेडिकल: आधी क्लास २, मग क्लास १. रंगांची ओळख, कान, ईसीजी यांत काही निघायचं असेल तर ते २ लाख भरायच्या आधी निघू दे. आणि डीजीसीएचे लेखी पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के. यांचा अभ्यास घरी बसून, सुदामानगरच्या खोलीत पंख्याखाली होतो. पेपर आधीच पास होऊन गेलेलं पोर आणि तिथे जाऊन पेपर देणारं पोर यांच्यात सहज चार-पाच महिन्यांचा फरक पडतो. फास्ट ट्रॅकमधला जो भाग खरोखर आपल्या हातात असतो, तो हाच.

पैशाचं थोडक्यात. पूर्ण फी एकदम कधीच नाही, सवलत कितीही देवोत. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते, आणि मधेच सोडलं तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे कराराच्या कागदावर. ‘२०० तास’मध्ये ट्विन इंजिनचे किती, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर बघून उडवण्याची परवानगी) धरलंय का, परीक्षेच्या उड्डाणाचे पैसे वेगळे का, तेही लिहून घ्या. पुढे टाइप रेटिंगचा (एअरलाइनच्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचा) खर्च असतोच, तो या पॅकेजमध्ये नसतो. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची श्रेणीही जाहीर करू लागलंय, ती बघून जा. पहिल्या फेरीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नव्हती, त्यामुळे ऑफिसात ‘आम्ही देशात नंबर एक’ ऐकलंत तर हसू आवरा.

सीट धरून ठेवायचे २ लाख तेवढे अजून देऊ नका. बुधवारी जाऊन आलात की चालू विमानं, फ्लाइंगची मुलं आणि गेल्या महिन्याचे तास मला कळवा, भागाकार मी करून देतो. तिसरा आकडा द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर तेही कळवा, मग भागाकाराची गरज नाही.