बाजारात गेल्याचा दंड

"बरे नसताना बाहेर पडले, दोन भाज्या घेतल्या, ओळखीच्या बाईशी बोलले आणि चक्क छान वाटले, मग मी खरेच आजारी आहे, की उगीच आजारपण धरून बसले आहे?" हा प्रश्न समुपदेशन करताना माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. विचारणाऱ्यांत थायरॉइड आणि रक्तक्षयाने थकलेल्या स्त्रिया असतात, अर्धशिशीचे रुग्ण असतात, नैराश्यातून हळूहळू बाहेर येणारे तरुण असतात आणि "रजेवर असताना रंकाळ्यावर दिसलो तर ऑफिसात काय म्हणतील?" म्हणून खिडकीशी बसून राहणारे पुरुषही असतात. दुखण्याची चिंता त्यांच्यापाशी असतेच, परंतु दुखण्यात मध्येच आनंद झाला, याची चिंता त्यांना अधिक छळते.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील पन्नाशीच्या एका ताईंचा अनुभव मी त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून येथे सांगते. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना चिकुनगुन्या झाला. ताप काही दिवसांत गेला, पण बोटांचे, मनगटांचे आणि गुडघ्यांचे दुखणे मागे राहिले. या आजारात सांधेदुखी आठवडेच काय, महिनोन्‌महिनेही रेंगाळू शकते, हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समजावले होते, औषधेही चालू होती. मात्र त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्याचे पाहून डॉक्टरांनीच ताईंना माझ्याकडे पाठवले. तोपर्यंत कपिलतीर्थ मंडईत जाणे, करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक बदलून आणणे, संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारणे, हे सारे त्यांनी बंद केले होते.

"पूर्ण बरी झाले की सगळं करणार आहे मॅडम," त्या म्हणाल्या. "आधी बरं तर होऊ दे."

मी त्यांना विचारले, "अलीकडे कधी एखादी गोष्ट मनापासून आवडली?"

चोरी कबूल करावी तशा आवाजात त्यांनी सांगितले की मागच्या आठवड्यात गोळ्या संपल्या, यजमान परगावी होते, म्हणून त्या रिक्षाने महाद्वार रोडला गेल्या आणि परतताना पाय मंडईकडे वळले. खेड्यातून येणारी नेहमीची भाजीवाली लांबूनच म्हणाली, "काकी, लई दिसानं आलासा!" तिने हरभऱ्याच्या डहाळ्याची एक जुडी हातात दिली. दुखऱ्या बोटांनी घाटे सोलत, कोवळे हरभरे तोंडात टाकत त्या तिच्याशी उभ्या उभ्या बोलत राहिल्या. घाटा दाबला की फुटतो, त्या वेळी बोटांना लागणारा तो आंबूस ओलेपणा आणि जिभेवरची चव त्यांनी मला इतकी बारकाईने सांगितली की एवढ्या वेळात प्रथमच त्यांचा चेहरा हलता दिसला. मग शेजारीण भेटली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, हिंडाय लागलीस! दुखणं गेलं म्हणायचं." तेथेच सारा रंग उतरला. दुसऱ्या दिवशी हात इतके सुजले की कपबशी उचलेना. यजमान परतल्यावर म्हणाले, "सांगत होतो, बाहेर पडू नकोस." घरात सर्वांची खात्री पटली की ताईंना बाजार बाधतो, आणि ताईंचीही पटली.

माझी खात्री पटली नव्हती. रिक्षाने जाऊन जुडीभर डहाळे घेतल्याने मनगटे अशी सुजावीत, हे मला हिशेबात बसेना. मी त्यांना एवढेच सांगितले की स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा रतीब जेथे मांडता, त्याच चौकोनात कुठे गेलात, घरी येऊन काय केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटे कशी होती, हे दोन शब्दांत लिहा.

पुढच्या काही बैठकांत आम्ही त्या नोंदींवर फारसे बोललो नाही. मला त्यातील सूत्र दिसू लागले होते, पण ते त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसावे म्हणून मी थांबले. एके दिवशी त्यांनी ते पान माझ्या टेबलावर पसरले आणि स्वतःच एकेका चौकोनावरून बोट फिरवू लागल्या. "वाचनालय. आल्यावर झोपले. सकाळी नेहमीसारखं." बोट पुढे सरकले. "मंडई. आल्यावर सगळ्यांच्या भाकरी, मग फडताळ आवरलं. सकाळी मूठ मिटली नाही." बोट पुन्हा मागे गेले, मग पुढे. "मॅडम, बाजार नडलेला नाही. घरी येऊन मी जे केलं ते नडलंय."

"का करत होता?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "बाजार हिंडायला जमतं आणि भाकरी थापायला जमत नाही का, असं कुणी म्हणायच्या आत मीच करून मोकळी होत होते."

"असं घरात कुणी म्हणालं होतं?"

"नाही." आणि थोड्या वेळाने, स्वतःलाच ऐकवल्यासारखे, "कुणीच नाही म्हणालं."

त्या क्षणाबद्दल मला आजही समाधान वाटते. कुणी न ठोठावलेला दंड त्या प्रत्येक सुखापाठोपाठ स्वतःहून भरत होत्या, आणि दंडाने आलेले दुखणे सुखाच्या नावावर मांडले जात होते. हे मी पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा भाकरीच थापल्या असत्या.

टॅलकॉट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली असे मांडले की आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो, परंतु त्या बदल्यात त्याने लवकर बरे होण्याची इच्छा धरावी आणि वैद्याचे ऐकावे, अशी अपेक्षाही ठेवतो. चार दिवसांच्या तापात हा अलिखित करार ठीक चालतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात मात्र हसणे, हिंडणे, चवीने खाणे हा करारभंग वाटू लागतो, आणि इतरांच्या आधी रुग्णच स्वतःवर नजर ठेवू लागतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझे काम उभे आहे, त्यामुळे मी अशा वेळी माणसाने स्वतःवर लादलेली अट शोधते. ताईंची अट होती, "आनंद घ्यायचा असेल तर मी पूर्ण निरोगी असले पाहिजे." ती एकदा उघड झाल्यावर तिला पुरावा काय, असे विचारता येते. त्याच्या जोडीला पीटर लेविन्सोन या मानसशास्त्रज्ञाचा विचार मला मोलाचा वाटतो. समाधान देणाऱ्या कृती आयुष्यातून गळत गेल्या की उदासी टिकून राहते, हे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. म्हणून मन उभारी घेईल मग बाहेर पडू, असे म्हणत बसण्यापेक्षा थोडे बाहेर पडावे, मन मागाहून येते.

यासाठी लहानसे बाहेरचे काम फार उपयोगी ठरते, कारण त्याला निमित्त असते, शेवट असतो आणि वाटेत कुणीतरी आपल्याला नावाने किंवा नात्याने हाक मारते. मात्र ते कसे करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. ताईंची बोटे सकाळी आखडलेली असत, म्हणून त्या अकरानंतर निघू लागल्या. एका वेळी एकच काम, ठरलेल्या वेळेत, आणि अंगात थोडी ताकद शिल्लक असतानाच परत. बरे वाटते आहे म्हणून आणखी दोन दुकाने करण्याचा मोह आवरावा लागतो. दुखणे थांबवेल तेव्हा थांबू, असे म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. घरी आल्यावरची विश्रांती हा त्या कामाचाच भाग समजावा, आणि पिशवी ठेवली की पदर खोचू नये.

घरच्यांचाही यात वाटा असतो. ताईंचे यजमान एकदा आले, तेव्हा मी त्यांना विनंती केली की त्या परतल्यावर "दमलीस ना?" असे विचारण्याऐवजी "काय आणलंस?" असे विचारा. त्यांनी ते मनावर घेतले. शेजारणीसाठी ताईंनी स्वतःच उत्तर तयार केले, "दुखणं आहेच, पण म्हणून भाजी आणू नये असं थोडंच आहे." याहून अधिक खुलासा कुणालाही देण्याची गरज नसते.

हे सर्व डॉक्टरांचे निदान झालेल्या, रेंगाळणाऱ्या दुखण्याविषयी आहे. ताप आणि खोकला असताना गर्दीत जाऊ नये. चिकुनगुन्या किंवा डेंग्यूच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाने डासांपासून कसोशीने जपावे, कारण त्याला चावलेला डास तो आजार इतरांपर्यंत नेऊ शकतो. छातीत दुखणे किंवा धाप लागणे, हे बाजारात जाऊन पाहण्याचे विषय नव्हेत. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर शासनाची मोफत मदत दिवसरात्र मिळते.

ताईंच्या गुडघ्यांना अजूनही जिना चढताना त्रास होतो. गेल्या भेटीत त्यांनी विचारले, "ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला जाते, तेव्हा मी तिथं गेले तर चालेल का?" डॉक्टरांची हरकत नव्हती. मग आम्ही जाण्यायेण्याची रिक्षा, बरोबर कोण येणार आणि दमल्यास कुठे बसायचे, हे ठरवले. आणि त्या दिवशीचा व दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक सुनेकडे राहील, हे ताईंनी माझ्यासमोरच तिला फोन लावून सांगितले.