न्यू जर्सीत घरामागे पक्षी आणि मधमाश्यांसाठी जंगली गुलाब लावायचाय. कुंपणाशी पांढरा गुलाब आपोआप उगवलाय, तोच वाढवू का?

लावायचं नंतर बघू, आधी त्या पांढऱ्या गुलाबाकडे नीट बघा. पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे चिमुकलं, पानासारखं उपपर्ण असतं. त्याची कड झालरीसारखी बारीक फाटलेली असेल आणि फुलं छोटी, घोसाने येत असतील, तर तो रोझा मल्टिफ्लोरा. मूळचा पूर्व आशियातला. १९३०च्या दशकात इथल्या सरकारच्या मृदसंधारण खात्यानेच तो धूप थांबवायला आणि कुंपणाला लावा म्हणून शेतकऱ्यांना सांगितलं. पक्ष्यांनी फळं खाऊन बी रानभर नेलं आणि आता त्याच्या जाळीखाली इथली झाडं गुदमरतात. रानात उगवतो म्हणून तो इथला होत नाही. काढून टाका, पण पानगळ झाल्यावर. उन्हाळ्यात आत घरटं असू शकतं. मुळं राहिली तर पुन्हा फुटतो.

इथल्या मूळच्या गुलाबांपैकी आपल्यासाठी दोन. ऊन आणि कोरडी जमीन असेल तर रोझा कॅरोलिना, जेमतेम कमरेएवढा. पाणी साचत असेल तर रोझा पॅलस्ट्रिस, दलदलीतलाच. दोन्ही गुलाबी, पाच पाकळ्यांचे. रोपं स्थानिक झाडांच्या नर्सरीतून, शास्त्रीय नाव सांगूनच घ्या. नुसतं ‘वाइल्ड रोज’ म्हटलं तर काहीही हातात पडतं. हरणं कोवळे शेंडे सोडत नाहीत, पहिली दोन वर्षं जाळी लावाच.

माझ्याकडे कॅरोलिना सहा वर्षं आहे. जूनमध्ये सकाळी त्याच्यापाशी उभं राहावं. बंबलबी, म्हणजे गुबगुबीत केसाळ मधमाशी, येते, पुंकेसर कवेत घेते आणि अंग थरथरवते. तेवढ्यापुरती तिची गुणगुण एकदम चढ्या सुरात जाते आणि पराग तिच्या अंगावर सांडतात. गुलाबात मध जवळजवळ नसतोच, ती येते परागासाठी. भरगच्च पाकळ्यांच्या बागेतल्या गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग तिला मिळणार काय?

पानांना कडेने वाटीने पुऱ्या कापाव्यात तसे गोल काप दिसले तर घाबरून फवारणी करू नका. पानं कातरणारी मधमाशी ते तुकडे नेऊन पिलांसाठी घर बांधते. मला तर ते काप दिसले की बरं वाटतं.

बियांपासूनही रोपं होतात. शरदात लाल फळं फोडून बी काढा, कुंडीत पेरा आणि कुंडी थंडीभर बाहेरच, उंदीर-खारींपासून झाकून ठेवा. त्या बियांना थंडी लागतेच. वसंतात काही उगवलं नाही तरी कुंडी रिकामी करू नका. माझी रोपं दुसऱ्या एप्रिलमध्ये वर आली, अकरा.

आणि फळं धरलेल्या फांद्या हिवाळ्याआधी छाटू नका. फेब्रुवारीत सगळीकडे बर्फ असताना रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग हे पक्षी त्याच फळांवर येतात.