बी.एस्सी. पहिलं वर्ष, बारावीपर्यंत मराठी माध्यम, रोज दारव्हा ते यवतमाळ एसटीनं जाणं-येणं. इंग्रजी लेक्चरच्या नोट्स कशा काढू आणि अभ्यास कधी करू?

इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी उतरवणं सोडा; मुद्दे मराठीतच लिहा, फक्त संज्ञा इंग्रजीत ठेवा (पेपरात ‘ऑस्मोसिस’ येणार, ‘परासरण’ नाही), आणि परतीच्या गाडीत ते न बघता आठवा. पानाच्या डावीकडे अडीच इंचांवर उभी रेघ मारा. उजवीकडे लेक्चर. स्टँडवर गाडीची वाट बघताना डाव्या पट्टीत प्रत्येक मुद्द्याचा एक प्रश्न लिहा. हे घरी जाऊन करू म्हटलं की राहूनच जातं. गाडीत उजवी बाजू झाकून उत्तरं द्या, अडलेल्या प्रश्नावर फुली मारा, रात्री तेवढंच वाचा. ही मांडणी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची. आठवण्यावर भर का, तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं आठवून लिहिणारे. वाचून लगेच ‘येते आपल्याले’ वाटतं ते त्यामुळंच फसवं. मात्र गणित आणि फिजिक्सची उदाहरणं अशी होत नाहीत. त्यांना घरी कागद-पेन घेऊन रोज पाऊण तास द्यावाच लागेल, तोही सप्टेंबरपासून. कापूस वेचणी आणि हिवाळी परीक्षा एकदमच अंगावर येतात, तेव्हा घरचे शेतात बोलावणारच.